घणसोली: महिन्याला बारा हजार कमी पडतायत, आधी कोणाचं भरायचं?

अबोली_घणसोली

नमस्कार. घरात आणि नात्यात कोणाशी बोलता येत नाही म्हणून इथे विचारते. लांबलचक आहे, पण आकडे दिल्याशिवाय कोणाला नीट सांगता येणार नाही.

आम्ही घणसोलीत राहतो. वन बीएचके, मे २०१९ मध्ये कर्ज काढून घेतलेला. मी वाशीला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात २६,००० येतात. मिस्टर रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत अकरा वर्षं मशीन ऑपरेटर होते. गेल्या पावसाळ्यात कंपनीने इथलं युनिट बंद करून काम गुजरातला नेलं. तिकडे यायचं असेल तर या, नाहीतर नोकरी संपली, असं सांगितलं. सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, मुलगी दहावीत गेलेली. जाणं शक्यच नव्हतं. आता ते महापेला एका गोदामात आहेत. ओव्हरटाइम धरून पूर्वी २७,००० येत होते, आता १५,००० येतात.

म्हणजे घरात ४१,००० येतात. जातात ते असे. घराचा हप्ता १८,४००, अजून सतरा लाख बाकी, चौदा वर्षं राहिलीत, व्याज साडेनऊ टक्के. ऑपरेशनसाठी घेतलेल्या पर्सनल लोनचा हप्ता ८,७००, बाकी ३,२०,०००, चार वर्षं. क्रेडिट कार्डावर ८६,००० आहेत, मी मिनिमम ४,३०० भरते आणि पुढच्या महिन्यात रक्कम जवळपास तेवढीच दिसते. सोसायटी १,८००, मुलीचा क्लास ३,०००, सासूबाईंची औषधं २,५००, वीज-गॅस-फोन-पास मिळून अडीच हजार, किराणा-दूध-भाजी बारा हजार. हॉटेल, कपडे, गावाला जाणं सगळं बंद आहे. तरी बारा हजार कमी पडतात. बचत संपली. घराचा हप्ता अजून चुकलेला नाही, पुढचा मात्र चुकेल. पर्सनल लोनचा एक थकलाय.

त्यात मिस्टरांनी एका ॲपवरून ८,००० घेतले. हातात ५,२०० आले आणि आठवड्यात पूर्ण ८,००० भरायला लावले. भरले, तरी ते अजून मागतायत. परवा माझ्या नणंदेच्या मोबाइलवर मिस्टरांचा फोटो आणि खाली ‘चोर’ असा मेसेज आला. पर्सनल लोनवाल्यांचा माणूस रात्री नऊला दारात आला, सासूबाई वॉकर घेऊन दार उघडायला गेल्या आणि त्यांच्यासमोर तो मोठमोठ्याने बोलला. शेजारच्यांनी दारं उघडून पाहिलं.

आमच्या सेक्टरमधले एक जण दीड लाख द्यायला तयार आहेत. महिना पाच टक्के व्याज आणि सही केलेले दोन कोरे चेक. ते घेऊन सगळ्यांची तोंडं एकदाची बंद करावीत का? की सोनं मोडावं? मंगळसूत्र धरून पाच तोळे आहे. क्लास बंद करावा का, हाही विचार मनात येतो. आधी कोणाचं भरायचं, एवढं तरी कोणी सांगा.

कळवेकर

ताई, ॲपचं आधी सांगतो, कारण ते आज रात्रीच करायचं काम आहे. एक रुपयाही आणखी भरू नका. ही मंडळी पैसे भरले की थांबत नाहीत. भरणारा माणूस सापडला असं समजून पुन्हा मागतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत हेच झालं.

मेसेज, नंबर, ज्या यूपीआय आयडीवर पैसे भरले तो, ॲपचं नाव, सगळ्याचे स्क्रीनशॉट काढा. नणंदबाईंनाही त्यांच्याकडचा मेसेज पुसू नका म्हणून सांगा. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि तिचा नंबर घेऊन जवळच्या पोलीस ठाण्यात जा. हे झाल्यावरच ॲप काढून टाका. त्याआधी सेटिंग्जमध्ये जाऊन त्याला दिलेल्या परवानग्या, म्हणजे कॉन्टॅक्ट आणि फोटो, बंद करा.

कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट, फोटो, कॉल लॉग यांना हात लावायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. बँका आणि वित्त कंपन्यांशी रीतसर जोडलेल्या ॲपची यादी रिझर्व्ह बँकेने २०२५ पासून स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवली आहे. तुमचं ॲप त्यात आहे का ते बघा. आठवड्याच्या मुदतीने पैसे देऊन फोटो फिरवणारं ॲप तिथे सापडेल असं मला वाटत नाही.

आणि भावोजींच्या फोनमधल्या सगळ्या नातेवाइकांना तुम्हीच आज एक मेसेज टाका: ‘आमचा फोन नंबर चोरून कोणीतरी घाणेरडे मेसेज पाठवतंय, पोलिसांत तक्रार केली आहे, उत्तर देऊ नका.’ आमच्या घरी हे केल्यावर त्या लोकांची अर्धी ताकद तिथेच गेली.

नौपाडा_निवृत्त

अबोलीताई, मी नोकरीभर सहकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो, वसुलीचीही कामं केली. तुमचे आकडे कागदावर मांडून पाहिले. तुम्ही हिशेब इतका नीट दिला आहे की उत्तर देणं सोपं झालं.

आधी त्या दीड लाखाबद्दल. महिना पाच टक्के म्हणजे साडेसात हजार नुसतं व्याज. आज बारा हजार कमी पडतात, उद्या त्यात साडेसात हजारांची भर पडेल आणि मुद्दल जागेवरच राहील. वर्षात ९०,००० देऊनही दीड लाख डोक्यावर तसेच. शिवाय सही केलेला कोरा चेक म्हणजे समोरचा हवा तो आकडा भरणार. तो वटला नाही तर चेक बाउन्सची फौजदारी केस तुमच्यावर. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे, आणि परवाना असलेल्यालाही शासनाने ठरवलेल्या दरापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. अशा माणसाची तक्रार सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे होते. त्यांना नम्रपणे नको म्हणून सांगा. कितीही गोड बोलले तरी चेकवर सही करू नका.

आता मूळ प्रश्न, आधी कोणाचं. मी वसुलीच्या बाजूला बसलेला माणूस आहे म्हणून स्पष्ट सांगतो: जो जास्त ओरडतो त्याला लोक आधी पैसे देतात, आणि तिथेच घर हातचं जातं. ज्याच्याकडे तारण नसतं त्यालाच ओरडावं लागतं. गृहकर्जवाली बँक ओरडत नाही, तिच्याकडे तुमचं घर आहे. तिचा हप्ता नव्वद दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग सरफेसी या तारणावरच्या वसुलीच्या कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस, आणि पुढे घराचा ताबा. म्हणून क्रम असा धरा: धान्य, औषधं, वीज, कामावर जायचा पास. मग घराचा हप्ता. त्यानंतर पर्सनल लोन आणि कार्ड. कार्डवाल्यांचे दिवसातून दहा फोन आले तरी हा क्रम बदलू नका.

घराचा हप्ता कमी होऊ शकतो, आणि इथे मला तुमची तारीख महत्त्वाची वाटते. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो) बाहेरच्या दराशी जोडावी लागली. तुमचं मे २०१९ चं, म्हणजे बहुधा अजून जुन्या एमसीएलआरवर, बँकेने स्वतःच्या खर्चावरून ठरवलेल्या दरावर, चाललंय. २०२५ च्या फेब्रुवारी ते जून या काळात रेपो ६.५० वरून ५.५० वर आला. रेपोशी जोडलेल्यांना तो फायदा लवकर मिळाला, तुम्ही साडेनऊवरच आहात. बँकेत जाऊन रेपोशी जोडलेल्या दरावर बदलून मागा, थोडं शुल्क घेतात. दर सव्वाआठ झाला आणि मुदत चार वर्षांनी वाढवून मिळाली, तर हप्ता १५,१०० च्या आसपास येईल. महिन्याला तीन हजारांहून जास्त सुटले. मुदत वाढली की एकूण व्याज जास्त जातं, हे खरं. पण फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर तुमच्यासारख्यांना मुदतीआधी फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे दिवस सुधारले की जास्त भरून ते आवरता येतं. कर्ज बँकेचं आहे की हाउसिंग फायनान्स कंपनीचं, ते कळवा. कंपनीचं असेल तर रेपोचा नियम तिला लागू नाही, तिथे दर कमी करून मागावा लागेल किंवा कर्ज बँकेत हलवावं लागेल. पण हलवायचं तर हप्ता थकायच्या आत.

कार्डाचं. साधारण साडेतीन टक्के महिना धरला तर ८६,००० वर तीन हजार व्याज, त्यावर अठरा टक्के जीएसटी. तुमच्या ४,३०० मधले साडेतीन हजार तिथेच जातात, म्हणून रक्कम हलत नाही. सोनं मोडू नका, बँकेत तारण ठेवा. सरकारी किंवा चांगल्या सहकारी बँकेत सोनेतारण वर्षाला नऊ-दहा टक्क्यांनी मिळतं. आजच्या भावाने दोन तोळ्यांत ८६,००० मिळावेत, मंगळसूत्र गळ्यातच राहील. व्याज महिन्याला सातशेच्या घरात. कार्ड पूर्ण भरा, बंद करा आणि बंद झाल्याचं पत्र घ्या. एक धोका सांगून ठेवतो. सोनेतारणाची मुदत बहुधा वर्षाची असते, ती चुकली तर लिलाव होतो. सोडवायला पैसे कुठून येणार, ते आधी ठरवूनच ठेवा.

पर्सनल लोन. मुदत दोन वर्षांनी वाढवून मिळाली तर दोन हजारांनी हप्ता उतरतो. देतीलच असं नाही आणि पुनर्रचना केल्याची नोंद क्रेडिट रिपोर्टात जाते, तरी लेखी मागा. थोडे पैसे घेऊन ‘सेटलमेंट’ करू असं कोणी म्हणालं तर घाईने हो म्हणू नका, ‘सेटल्ड’ हा शेरा पुढे वर्षानुवर्षं कर्ज मिळू देत नाही.

रात्री नऊला दारात येणं तर सरळ नियमाबाहेर. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांचा पाणउतारा करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक आहे. तारीख, वेळ, त्या माणसाने काय म्हटलं ते लिहून कर्ज देणाऱ्यांच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फुकट आहे, वकील लागत नाही. चौकशीचा नंबर १४४४८.

जुईनगरची_आई

अबोली, क्लास बंद करू नकोस गं. दहावीचं वर्ष आहे. क्लासवाल्या सरांना जाऊन सांग, दोन-तीन भागांत देऊ दे म्हणून. मी स्वतः घरी क्लास घेते. पालकांनी येऊन सांगितलं तर कोणी मुलीला घरी पाठवत नाही. न सांगता फी थांबली की मात्र माणूस रागावतो. आणि नवी मुंबई महापालिकेच्या समाजविकास विभागाची विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती असते, अर्ज सुटलेत का तेवढं विचारून ये.

सासूबाईंची औषधं जनऔषधी केंद्रातून घे. डॉक्टरांना सांगून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घे, कंपनीचं नको. बिलात ठळक फरक पडतो. पुढे कधी त्यांना ॲडमिट करायची वेळ आली तर आधी हॉस्पिटलमध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा काउंटर आहे का ते विचार. आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, रेशनकार्ड कुठल्याही रंगाचं असलं तरी.

तू लिहिलं नाहीस, पण मिस्टर झोपतात का नीट? जेवतात का? अकरा वर्षांची नोकरी गेलेला माणूस घरात गप्प बसतो आणि आपल्याला वाटतं दमलाय. नणंदेला तो फोटो गेल्याचं त्यांना कळलं असेल तर आज त्यांच्याजवळ बस. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. दोघांपैकी कोणीही लावा.

रबाळे_कामगार

वरच्या सगळ्या हिशेबात एक गोष्ट कोणी विचारली नाही. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सुटल्यावर सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम, मिळाली का?

अकरा वर्षं नोकरी म्हणजे हक्काची आहे. पाच वर्षं झाली की कंपनीला द्यावीच लागते. हिशेब सोपा: शेवटचा बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता), गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. ती तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजासकट. युनिट बंद करून माणसं कमी केली तर नुकसानभरपाई आणि नोटीस पगार हे वेगळे विषय, तेही बघावे लागतील. भाऊंनी राजीनामा लिहून दिलाय का? ‘सगळे पैसे मिळाले’ अशा कागदावर सही केलीय का? शेवटची पगाराची स्लिप आहे का?

टीटीसी पट्ट्यात, म्हणजे इथल्या ठाणे-बेलापूर एमआयडीसीत, युनिट हलवणाऱ्या कंपन्यांचं हे नेहमीचंच आहे. शेवटचा पगार देतात आणि बाकी ‘हेड ऑफिसला विचारतो’ म्हणून टोलवतात. माणूस दुसऱ्या कामाला लागला की थकून सोडून देतो. सोडू नका.

अबोली_घणसोली

सगळ्यांचे आभार. काल रात्री मिस्टरांना हे सगळं वाचायला दिलं. ते वाचून बराच वेळ बोलले. नोकरी गेल्यापासून इतकं बोललेच नव्हते. झोपेचं ताईंनी बरोबर ओळखलं. १४४१६ ला त्यांनी स्वतः फोन लावला.

१९३० ला तक्रार झाली, नंबर मिळाला. नातेवाइकांना मेसेजही टाकला. नणंदेचा फोन आला, म्हणाली आधी सांगितलं असतं तर मी आलेच असते. ती आता आठवड्यातून दोन दिवस येऊन सासूबाईंकडे बघणार आहे, म्हणजे मला लॅबची रविवारची जादा ड्यूटी घेता येईल. त्याचे अडीच-तीन हजार सुटतील.

गृहकर्ज बँकेचंच आहे, आणि स्टेटमेंटवर एमसीएलआर असंच लिहिलंय.

रबाळेदादा, राजीनामा दिलेला नाही, कशावरही सही केलेली नाही. शेवटच्या स्लिपवर बेसिक अधिक डीए १४,००० आहे. ग्रॅच्युइटीचं विचारलं तेव्हा ‘बघू’ म्हणाले होते, नंतर फोनच उचलत नाहीत. सावकारांना नाही म्हणून कळवलं. आता बँकेला अर्ज काय लिहायचा? आणि वकिलाला द्यायला पैसे नाहीत.

रबाळे_कामगार

१४,००० गुणिले पंधरा भागिले सव्वीस गुणिले अकरा: ८८,८४६ रुपये. नौपाड्याचे काका, तुम्ही सोनं सोडवायला पैसे कुठून येणार म्हणालात, ते हे.

ताई, ग्रॅच्युइटीचा अर्ज कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपा, ईमेलही करा. दिले नाहीत तर दावा लावायचा, तो कुठे ते ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात विचारायचं. स्लिपा, नेमणूक पत्र, पीएफचं पासबुक, ओळखपत्र, सगळ्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. पीएफचं पासबुक हा सेवेचा चांगला पुरावा असतो. आणि अडचण आहे म्हणून पीएफ सगळा काढू नका. गोदामवाले पीएफ कापत असतील तर जुनं खातं त्याच यूएएनवर (पीएफचा कायमचा नंबर) पुढे चालू करून घ्या.

अर्ज मी भरून देतो. त्याच कंपनीतले आणखी कोणी असतील तर त्यांनाही घेऊन या, एकत्र दावा लावला की कंपनीला टोलवणं जड जातं.

नौपाडा_निवृत्त

दादांनी लाखमोलाचा मुद्दा काढला. मग हिशेब पुन्हा बघा. घराचे तीन हजार, कार्डाचे साडेतीन, पर्सनल लोनचे मिळाले तर दोन, रविवारच्या ड्यूटीचे अडीच, औषधांचे थोडे. बारा हजारांचा खड्डा जवळपास भरतो, आणि तोही नवं महाग कर्ज न घेता. ग्रॅच्युइटी आली की दुसरीकडे वळवू नका, आधी सोनं सोडवा.

वकिलाचं म्हणाल तर स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तशी तरतूद आहे. ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, फोनवर विचारायचं तर १५१००. पर्सनल लोनवाल्यांकडून कोर्टाची नोटीस आली तर घाबरू नका आणि दुर्लक्षही करू नका, ती घेऊन तिथेच जा. थकलेलं कर्ज हा दिवाणी मामला आहे. पण खात्यात पैसे नसताना आपोआप हप्ता कापण्याचा आदेश परत गेला तर त्यावरून चेक बाउन्ससारखी केस लावता येते. म्हणून हप्ता भरता येणार नसेल तर तारखेच्या आधी लेखी कळवून ठेवा.

बँकेचा अर्ज हा असा लिहा:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस. विषय: गृहकर्ज खात्याचा दर रेपोशी जोडणे व मुदत वाढवणे. महोदय, आम्ही मे २०१९ पासून या खात्याचे हप्ते एकही न चुकवता भरत आहोत. कर्जदाराची नोकरी कंपनीने युनिट बंद केल्यामुळे गेली असून सध्या कुटुंबाचं उत्पन्न दरमहा ४१,००० रुपये आहे. आम्हाला कर्ज नियमित फेडायचं आहे. त्यासाठी दर एमसीएलआरवरून रेपोशी जोडलेल्या दरावर बदलावा आणि मुदत चार वर्षांनी वाढवून हप्ता कमी करावा, ही विनंती. दोघांच्या पगाराच्या स्लिपा व सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट सोबत जोडलं आहे. निर्णय लेखी कळवावा.’

‘एकही न चुकवता’ हे शब्द ठेवाच, बँकेत ते आधी वाचतात. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. काउंटरवर ‘असं काही नसतं’ म्हणाले तर वाद न घालता व्यवस्थापकांना भेटा, तरी घेतला नाही तर तोच अर्ज शाखेच्या ईमेलवर पाठवा. हप्त्याची तारीख कोणती आहे? तिच्या निदान आठवडाभर आधी हे होऊ द्या. दोघंही कर्जदार असाल तर दोघांनीही जायला हवं, सही दोघांची लागते. मिस्टरांना महापेहून अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळते का ते आधी बघा.